बाबांचा पॅडी, काकांचा बेदी

गोष्ट तशी बारकी आहे, पण डोक्यातून जात नाहीये. २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी, दुबईतली सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया. भाचा माझ्याकडे आला होता, सोफ्यावर आडवा, एक डोळा टीव्हीवर आणि एक मोबाईलवर, ह्या पोरांना असंच बघता येतं. आपली पहिली फिल्डिंग होती. कॅमेरा जवळ गेला तसं त्याला दिसलं आणि त्याने विचारलं, "मामा, ह्या सगळ्यांनी दंडाला काळं काय लावलंय?" म्हटलं, "पद्माकर शिवलकर गेले काल." "कोण?" "स्पिनर. लेफ्ट आर्म. आपल्या मुंबईचे." मोबाईल हातातच होता त्याच्या, पण शोधण्यापेक्षा मामाला विचारणं सोपं, म्हणून लगेच पुढचा प्रश्न, "टेस्ट किती?" म्हटलं, "एकपण नाही." "वनडे?" "तीपण नाही." तो जरा थांबला आणि अगदी सरळ मनाने, काही खोडसाळपणा नाही की काही नाही, म्हणाला,

"मग?"

मला पटकन काही बोलताच येईना. तेवढ्यात अक्षर पटेलने मॅक्सवेलची दांडी उडवली, आम्ही दोघं ओरडलो, आणि त्या ओरडण्यात तो विषय वाहून गेला. मॅच आपण जिंकलो, कोहलीने चौऱ्याऐंशी केले, राहुलने सिक्स मारून संपवली, भाचा खुशीत घरी गेला. मी मात्र रात्री भांडी आवरताना मनातल्या मनात त्याला उत्तरं देत बसलो होतो. पाचशे एकोणनव्वद विकेट रे. १२४ फर्स्ट क्लास मॅच, ५८९ विकेट, ॲव्हरेज विसाच्या आत, १९.६९. पण आकडे सांगून त्या पोराला काय कळणार, आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न आकड्यांचा नव्हताच. इंडियाकडून एकदाही न खेळलेल्या माणसासाठी इंडियाची टीम काळी पट्टी का बांधते, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि वाजवी प्रश्न होता तो. आणखी एक गंमत मला उशिरा लक्षात आली. त्या दिवशी आपल्या टीममध्ये चार स्पिनर होते आणि त्यातले दोघं, जडेजा आणि अक्षर, चक्क शिवलकरांच्याच जातकुळीतले, डाव्या हाताने ऑर्थोडॉक्स टाकणारे. दोघांच्या दंडावर काळी पट्टी कोणासाठी, तर ज्याला आयुष्यभर ऐकावं लागलं की जागा एकच आहे आणि ती भरलेली आहे त्याच्यासाठी. बाबा असते तर हे त्यांना दिसलं असतं आणि ते नुसते हसले असते. मला काही हसायला आलं नाही.

आमचे बाबा क्रिकेट खेळायचे नाहीत. म्हणजे चाळीच्या गॅलरीत सगळेच खेळायचे तेवढंच. पण ते त्यांच्या ऑफिसच्या टीमचे स्कोअरर होते. टाइम्स शील्ड म्हणजे ऑफिसांच्या टीमची स्पर्धा, त्यात मोठ्या कंपन्या, बँका असायच्या, टेस्ट प्लेयर पगारावर ठेवलेल्या, आणि त्यांच्या खाली डिव्हिजनवर डिव्हिजन, त्यात अगदी तळाला कुठेतरी बाबांचं ऑफिस. टीमला पॅड दीड जोडी होते म्हणतात, पण स्कोअरबुक मात्र बघत राहावं असं. बाबांचं अक्षर सुंदर होतं आणि बेरीज चुकायची नाही, ह्या दोन गुणांवर त्यांना ते काम मिळालं आणि रिटायर होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. ते काम किती किचकट आहे हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. बॅट्समनच्या ओळीत रन लिहायचे, बोलरच्या चौकोनात लिहायचे, एक्स्ट्रा असतील तर त्यांचा वेगळा हिशेब, वर छापलेले एक दोन तीन चार आकडे टोटलप्रमाणे खोडत जायचे, अंपायरने हात केला की आपण हात वर करून पोच द्यायची, आणि ओव्हर संपली की शेजारच्या टीमच्या स्कोअररशी ताळा करायचा. तो शेजारी पाच तास मांडीला मांडी लावून बसलेला शत्रू. बाबा त्याला डब्यातलं थालीपीठ द्यायचे पण लेगबायचा एक रन द्यायचे नाहीत.

आणि पेन्सिलच. शाई नाही. कारण कांगा लीग.

मुंबईच्या बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो, की ऐन पावसाळ्यात, मुद्दामहून, १९४८ पासून एक अख्खी स्पर्धा भरते. रविवारी सकाळी आभाळ भरून आलेलं असायचं, आई गॅलरीतून बघून म्हणायची की आज काही होत नाही तुमचं, आणि बाबा छत्री, पेन्सिली, रबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणि मला घेऊन निघायचे. ऑफिसची मॅच नसली की आम्ही दुसऱ्यांच्या मॅच बघायला जायचो. क्रॉस मैदान, आझाद मैदान, ओव्हल, कधी माटुंग्याला दडकर मैदान. चर्चगेटला उतरून चालत जाताना ओल्या गवताचा वास आधी यायचा, मग तंबू दिसायचे. गवत पोटरीपर्यंत. जमिनीवरून मारलेला चेंडू चार हातांवर रुतून बसायचा म्हणून सगळे उचलून मारायचे, आणि उचलून मारलं की कॅच, कॅच सुटला की चिखल. एका मैदानावर इतक्या मॅच एकावर एक चालायच्या की ह्या मॅचचा मिडविकेट त्या मॅचच्या स्लिपला पाठ लावून उभा. बोलरच्या पायाखाली लाकडाचा भुसा. तंबूचं कापड एका जागी हमखास गळायचं आणि बाबांची वही त्या जागेपासून दोन वीत लांब. पाऊस आला की सगळे आत, चहा, ओल्या पॅडचा तो कुबट वास, कोणीतरी कोणाच्या तरी सासऱ्याची गोष्ट सांगतोय, पाऊस थांबला की परत बाहेर. त्या वासासाठी मी आजही पैसे मोजायला तयार आहे.

तिथे मी शिवलकरांना बघितलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी आठनऊ वर्षांचा असेन, ते चाळिशीला टेकलेले. शिवाजी पार्क जिमखान्याची मॅच असली की बाबा चालता चालता थबकायचे आणि म्हणायचे, "पॅडी टाकतोय, बस." पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी घोर निराशा झाली हे कबूल करायला हरकत नाही, कारण बाबा ज्याच्याबद्दल एवढं बोलतात तो माणूस पळतच नव्हता. चार पावलं, तीही घाई नसलेली, हात वर, चेंडू सोडला, परत मागे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एखादी आजी वाती वळते तसं. मी कंटाळून चिखलात कागदाची होडी सोडत होतो आणि बाबा मात्र बोरीबंदरला जाणारी गाडी गाठायची असल्यासारखे टक लावून बसले होते. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि बोट दाखवून सांगितलं की चेंडूकडे बघू नकोस, बॅट्समनच्या पायाकडे बघ. मी बघितलं. तो बिचारा पुढे यायचा, थांबायचा, मागे जायचा, परत पुढे. दर वेळी टप्पा तोच आणि तरी दर वेळी त्याला नवीन काहीतरी वाटत होतं. मग एक चेंडू वळलाच नाही, सरळ हाताबरोबर आत आला, आर्मर म्हणतात त्याला हे नंतर कळलं, आणि पॅडवर लागल्याचा तो ओला फट्ट आवाज. बाबांनी मान सुद्धा हलवली नाही. त्यांनी खाली बघून वहीत लिहिलं. आपली मॅच नाही, कोणी सांगितलेलं नाही, तरी माणूस स्वतःच्या समाधानासाठी स्कोअर लिहितोय.

त्या वहीतलं एक सांगायलाच हवं. ओव्हरमध्ये एकही रन गेला नाही तर चौकोनात सहा टिंबं पडतात, आणि ती जोडून इंग्रजी एम काढायचा, मेडनचा. मेडनमध्येच विकेट मिळाली तर तीच टिंबं उलटी जोडून डब्ल्यू. शिवलकरांच्या नावापुढची ओळ बघितली की एम, एम, मधेच एक रन, मग एम, डब्ल्यू, एम. मला तेव्हा ती डोंगरांची रांग वाटायची आणि मी मागे सूर्य काढू का विचारलं होतं. बाबांना ह्याच गोष्टीचं वेड होतं, मेडनचं. त्यांचे दोनच देव होते आणि दोघंही डाव्या हाताने टाकणारे. एक बापू नाडकर्णी, ज्यांनी १९६४ ला मद्रासला इंग्लंडविरुद्ध ओळीने एकवीस मेडन टाकल्या, बत्तीस ओव्हर, सत्तावीस मेडन, पाच रन, विकेट शून्य. लोक त्यावर जांभई द्यायचे आणि बाबांचे डोळे चमकायचे. दुसरा पॅडी. आता गंमत बघा, शिवलकर वर येत होते तेव्हा मुंबईच्याच टीममध्ये ती जागा नाडकर्णींची. नाडकर्णी थांबले तोवर देशाच्या टीममध्ये तसेच डाव्या हाताचे स्पिनर बिशनसिंग बेदी येऊन बसलेले, १९६६ पासून. म्हणजे गल्लीत एक देव आडवा आणि गल्ली ओलांडली तर नाक्यावर दुसरा.

बेदी आमच्या घरात काकांचा. काका बाबांपेक्षा नऊ वर्षांनी लहान, आमच्याच दोन खोल्यांत राहायचे लग्न होईपर्यंत, आणि त्यांचं आणि बाबांचं नातं मुख्यतः रेडिओच्या दोन बाजूंना बसून व्हायचं. टेस्ट असली की बाळ पंडितांचं मराठी समालोचन लागायचं आणि बाबा तेही लिहून घ्यायचे, रेडिओ ऐकून बॉल बाय बॉल, खरखर झाली की चेहरा असा व्हायचा की घरात कोणी गेलंय. काका लिहायचे बिहायचे नाहीत, ते फक्त बेदीची बाजू घ्यायचे. त्याचा तो रंगीत पटका, त्याची ती लोणी लावलेली ॲक्शन, सिक्स खाल्ल्यावर बॅट्समनसाठी टाळ्या वाजवणं, आणि हे सगळं सांगून झालं की बाबांकडे बघायचे, आता बोल म्हणून. बाबा म्हणायचे, "बेदी मोठाच आहे रे." बस. काकांना ह्याचा इतका राग यायचा. भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसाला समोरच्याने आधीच सगळं देऊन टाकलं तर त्याने करायचं काय. "अरे दादा, मग तुझ्या पॅडीचं काय?" "त्याचं काय, तो आहे की रविवारी क्रॉस मैदानावर." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की आई पोळ्या लाटता लाटता दोघांच्या आधी तो म्हणून दाखवायची.

एकदाच बाबा बोलले. एकदाच म्हणजे मला आठवतं तसं. चेपॉकच्या फायनलबद्दल. १९७२-७३ ची रणजी फायनल, मद्रासला, तामिळनाडूच्या घरच्या मैदानावर. ती विकेट म्हणजे स्पिनरसाठी अंथरलेला गालिचा, आणि समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. वाडेकरांची मुंबई पहिल्या डावात १५१ ला खल्लास. लोक म्हणाले आता चौदा वर्षांची मक्तेदारी संपली. मग तामिळनाडू ८० ऑल आउट, शिवलकर सोळा रनांत आठ विकेट. दुसऱ्यांदा मुंबई ११३, तामिळनाडू ६१, शिवलकर अठरा रनांत पाच, दुसऱ्या टोकाला एकनाथ सोलकर. मॅच तिसऱ्या दिवशी सकाळी सुरू होता होताच आटपली, आणि मुंबईची ओळीने पंधरावी रणजी. बाबांकडे पेपरातलं ते कात्रण होतं आणि ते सांगताना ते काकांना म्हणाले, "बेदीने ह्याच्यापेक्षा चांगलं टाकलं असतं?" काका गप्प. मग बाबा स्वतःच म्हणाले, "नसतं. पण एवढंच टाकलं असतं." आणि परत त्यांच्या त्या वाजवीपणात शिरले. मी लहान होतो तरी मला वाटून गेलेलं की आता लढा ना, आता तर जिंकत होतात.

आईचं ह्या सगळ्यात म्हणणं एवढंच होतं की सोमवारचे कपडे. चिखलाचा डाग पहिल्या धुण्यात जात नाही, आणि तिने आयुष्यातले कितीतरी सोमवार नळावर आमच्या दोघांच्या पँट घासण्यात घालवले. तिला शिवलकर कळले ते वेगळ्याच वाटेने. ते गायचे, चांगले गायचे, आणि कधीतरी टीव्हीवर त्यांना गाताना आईने ऐकलं. ती स्वतः भजनी मंडळातली, सुराला कडक. पदर खोचून उभी राहून पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "आवाज गोड आहे हो तुमच्या पॅडीचा. ह्याला कोणी घेतलं नाही म्हणता?" बाबांना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. त्यांच्या दृष्टीने सिलेक्शन झालं होतं. ह्याच आईने पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत स्कोअरबुकांचा अख्खा गठ्ठा रद्दीवाल्याला घातला, मेडनच्या डोंगरांसकट, आणि आलेल्या पैशांत उटणं आणलं. लोकांना वाटतं घरात मोठा तमाशा झाला असेल. बाबा म्हणाले, "मॅच होऊन गेल्या की." मलाच वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

कारण मी तसा नाही. माझी वाढच वेगळ्या हवेत झाली. १९८३ ला मी तेराचा होतो, कपिलने लॉर्ड्सच्या बाल्कनीत कप उचलला तेव्हा चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या रात्रीनंतर माझ्यासाठी क्रिकेट म्हणजे कप. जिंकणारा, टीव्हीवर दिसणारा, ज्याचं पोस्टर मिळतं तो हिरो. शिवलकरांचं कुठे पोस्टर मिळायचं? कॉलेजात मित्र विचारायचे तुझ्या बाबांचा फेवरेट कोण, तर मी सरळ गावसकर सांगायचो, कोण समजावत बसणार. आणि मनातून बाबांचा रागही यायचा. एवढा मोठा अन्याय त्यांच्या आवडत्या माणसावर झालाय आणि हे म्हातारे पेन्सिलीला टोक काढत बसलेत. बेदी एकोणऐंशीला संपला तेव्हा तरी दार उघडेल असं काकांना सुद्धा वाटलं होतं, पण त्या जागी दिलीप दोशी आले, तेही तिशी ओलांडल्यावर, तेही वर्षानुवर्षं वाट बघून, पहिल्याच टेस्टच्या पहिल्या डावात चेपॉकला सहा विकेट. दोशींवर तरी राग कसा धरणार. हीच ह्या गोष्टीतली सगळ्यात छळणारी बाब आहे, की ह्यात खलनायक सापडत नाही. बेदीच्या २६६ टेस्ट विकेट आहेत, त्या काय वशिल्याच्या आहेत का? उत्तरेला हरयाणाचे राजिंदर गोयल हेच भोग भोगत होते, रणजीत ६३७ विकेट, त्या आकड्याच्या जवळपास कोणी नाही, आणि टेस्ट तेवढ्याच, शून्य. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवरच्या पुस्तकात ह्या दोघांना मुद्दाम घेतलं, आणि कॅप्टन असताना शिवलकरांसाठी सिलेक्टर्सना पटवता आलं नाही ह्याची खंत बोलून दाखवली. म्हणजे कॅप्टनला हवा होता. तरी नाही.

ह्यात एक मोह होतो आणि तो आमच्या नातेवाइकांना नेहमी व्हायचा. बाबांचं ऑफिसात प्रमोशन राहिलं होतं, मागून आलेले पुढे गेले, ती एक वेगळी आणि कंटाळवाणी कथा आहे. एका मुंजीत आमच्या आत्याने पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा म्हणजे आपले शिवलकरच, गुण असून चीज झालं नाही." तिला प्रेमाने म्हणायचं होतं. बाबा कधी आवाज चढवायचे नाहीत, पण त्या दिवशी चढला. "काहीतरी बोलू नकोस. त्याने पाचशेच्या वर विकेट काढल्यात. मी काय काढलंय?" पंगत हसली, आत्या ओशाळली, वाढपी जिलबी घेऊन आला आणि विषय संपला. पण मी बाबांकडे बघत होतो, आणि ते विनयाने बोलत नव्हते हे मला कळलं. ते चिडले होते. आपल्या साध्या नोकरीतल्या रखडण्याशी पॅडीचं नाव जोडून त्याला लहान केलं ह्याचा त्यांना राग आला होता. मी तोपर्यंत मनातल्या मनात तेच समीकरण मांडून ठेवलं होतं, फार वर्षं, आणि त्यावर थोडा गदगदायचोही. ते त्या जिलबीबरोबर गेलं.

तेव्हापासून मी बाबांचं ते प्रेम वेगळं बघायला लागलो. त्यांना शिवलकर आवडायचे ते टेस्ट न खेळल्यामुळे नाही आणि ती न खेळताही नाही. टेस्ट हा विषयच त्यांच्या हिशेबात नव्हता. रविवारी सकाळी, ओल्या विकेटवर, पन्नास माणसांसमोर, त्यातली वीस चहाला आलेली, हा माणूस जो टप्पा धरायचा तोच त्याने चेपॉकला धरला, आणि सोळा रनांत आठ हा त्याच टप्प्याचा हिशेब. त्यांनी तो शेजारी बसून मोजला होता. कोणाच्या सांगण्यावरून त्यांना तो मोठा वाटत नव्हता आणि कोणी न घेतल्यामुळे लहानही होत नव्हता. शिवलकर तर १९८७-८८ च्या सीझनला, सत्तेचाळिशीत, परत मुंबईकडून उतरले दोन मॅच. मी म्हटलं, आता ह्या वयात कशाला, आता काय इंडियात घेणार आहेत? बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जरा मठ्ठ आहे. "मुंबईला स्पिनर हवा होता," ते म्हणाले.

२०१७ ला बोर्डाने शिवलकर आणि गोयल दोघांना एकदम सी. के. नायडू पुरस्कार दिला, जीवनगौरव. बाबा तेव्हा होते, कमी ऐकू यायचं, टीव्ही मोठ्याने लावलेला. मला वाटलं आता तरी काहीतरी म्हणतील, उशीर झाला वगैरे. त्यांनी स्टेजवरच्या दोघांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दोघांना एकत्र दिलं, हे बरं केलं. एकालाच दिलं असतं तर परत तेच." मग त्यांनी चॅनल बदललं. मला मात्र त्या सोहळ्यात आनंदापेक्षा चीडच जास्त आली. सत्तरी ओलांडल्यावर शाल आणि चेक. हातात बॉल असताना द्यायचं होतं ते. बाबांकडून मला त्या माणसावरचं प्रेम आलं पण त्याच्याबरोबरचा तो गारवा काही आला नाही, अर्धाच वारसा मिळाला म्हणायचं. आणि कधीकधी वाटतं की बाबांचं तरी सगळं बरोबर होतं का? सगळेच प्रेक्षक असे समजूतदार असले तर पुढच्या पॅडीसाठी ओरडणार कोण?

नंतरच्या रविवारी भाचा परत आला तेव्हा मी त्याला सांगायला घेतलं. बेदी, गोयल, चेपॉक, सगळं. त्याने बरंच ऐकलं, आणि शेवटी म्हणाला की मग दोघांना पण खेळवायचं ना, आत्ता नाही का जडेजा आणि अक्षर दोघं खेळत. म्हटलं, बाबा रे, तेव्हा चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकट असे आणखी तिघं बसलेले होते दारात. "मग पाच स्पिनर खेळवायचे," असं म्हणून त्याने प्रश्न निकालात काढला आणि फ्रिज उघडला.

पण मला ज्याची अपेक्षा नव्हती तो फोन काकांचा. काका आता ऐंशीच्या घरात, डोंबिवलीला, गुडघे गेलेले, घसा मात्र शाबूत. बाबांना जाऊन काही वर्षं झाली, आम्ही दोघं क्रिकेटवर फारसं बोलत नाही. बेदी गेला २०२३ ला तेव्हा मी फोन केलेला तर म्हणाले ठीक आहे, वय झालं होतं, आणि ठेवला. शिवलकर गेल्यावर त्यांनी स्वतःहून केला, रात्री साडेदहाला, आणि हॅलोच्या आधी सुरू. "एक टेस्ट द्यायला काय जात होतं रे ह्यांच्या बापाचं? एक!" मी गारच पडलो. आयुष्यभर बेदी बेदी करणारा माणूस. म्हटलं, काका, तुम्ही तर... "मी काय? दादा भांडेल म्हणून मी ते सगळं बोलायचो. मला वाटायचं एकदा तरी हा माणूस चिडेल. ह्याने बेदीला एक शिवी दिली असती तर मी लगेच पॅडीच्या बाजूला गेलो असतो. पण तो कधी चिडलाच नाही, मग मी एकटा किती वर्षं त्या बाजूला अडकून पडलो." मला हसू पण येत होतं आणि घशात पण काहीतरी. मग आम्ही दोघं बसलो हिशेब करत, कुठली टेस्ट देता आली असती. काका म्हणाले १९७४, बंगलोर, वेस्ट इंडीज. रिचर्ड्स आणि ग्रिनिज दोघांचीही पहिली टेस्ट. बेदीला शिस्तीच्या कारणावरून बसवलेलं होतं, म्हणजे जागा चक्क रिकामी. मी म्हटलं, पण तेव्हा गोयलना बोलावलं होतं ना, आणि बोलावूनही खेळवलं नाहीच. "तेच तर सांगतोय, रिकामी जागा सुद्धा भरली नाही रे त्यांनी!" मग म्हणाले, नाहीतर चेपॉकच्या तेरा विकेटनंतर जी पहिली टेस्ट आली ती. मी म्हटलं तेव्हा बेदी पूर्ण भरात होता. पलीकडे जरा शांतता. मागून काकूंचा आवाज येत होता, अहो झोपा आता, बीपीची गोळी घेतली का.

"हो, म्हणजे बेदीला बसवून नाही हां," काका म्हणाले. "प्रसन्नाला बसवा, वेंकटला बसवा, कोणालाही बसवा. बेदीला हात लावायचा नाही. ते मी ऐकून घेणार नाही, सांगून ठेवतो."